निऑन-३१ फोडून पाहिलं तेव्हा: एकविसाव्या न्यूट्रॉनचं प्रकरण

निऑन-३१च्या केंद्रकात १० प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन असतात. हवेतल्या निऑनच्या दर शंभर अणूंपैकी नव्वदेक अणूंत न्यूट्रॉन दहाच असतात आणि कुठल्याही स्थिर निऑनमध्ये ते बाराच्या वर जात नाहीत. म्हणजे इथे त्याच दहा प्रोटॉनांच्या जिवावर दुपटीहून जास्त न्यूट्रॉन तगून आहेत. जपानच्या रिकेन संस्थेतल्या गटाने १९९६ साली हे केंद्रक पहिल्यांदा पाहिलं. त्यातून कळलं ते एवढंच की असं केंद्रक आहे आणि ते बांधलेलं आहे, म्हणजे त्यातला न्यूट्रॉन आपोआप लगेच गळून पडत नाही. बीटा क्षयाने मोडण्याआधी ते काही मिलिसेकंदच टिकतं. आतली रचना कशी आहे, याचा पत्ता लागायला आणखी तेरा वर्षं जावी लागली, आणि नीट उत्तर मिळायला अठरा.

सगळं प्रकरण एका प्रश्नाभोवती फिरतं. ग्राउंड स्टेटमध्ये, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत, तो एकविसावा न्यूट्रॉन बसलाय कुठे?

पाठ्यपुस्तकाला विचारलं तर उत्तर सोपं आहे. न्यूट्रॉनांची कवचं २, ८, २० अशा संख्यांना भरतात. वीस न्यूट्रॉन भरले की एकविसावा पुढच्या कवचात जातो, आणि तिथली पहिली जागा एफ-७/२ ही आहे. तिथे कक्षीय कोनीय संवेग ३ असतो. या हिशेबाने निऑन-३१चा स्पिन (एकूण कोनीय संवेग) ७/२ आणि पॅरिटी (आरशातल्या प्रतिमेत अवस्थेचं चिन्ह बदलतं की नाही) ऋण यायला हवी. पण या भागात पाठ्यपुस्तकावर विसंबता येत नाही, हे आधीच ठाऊक होतं. १९७५ साली सर्नमध्ये सोडियमच्या जड समस्थानिकांची वस्तुमानं मोजली गेली, तेव्हा सोडियम-३१ आणि ३२ अपेक्षेपेक्षा घट्ट बांधलेले निघाले. पुढे मॅग्नेशियम-३२ या वीस न्यूट्रॉनांच्या केंद्रकाची पहिली उत्तेजित अवस्था अवघ्या ०.८९ एमईव्हीवर (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) सापडली. भरलेल्या कवचाचं केंद्रक इतक्या सहज हलत नाही. वीसच्या भिंतीवरून न्यूट्रॉन पलीकडे उड्या मारतात, केंद्रक गोल न राहता लांबुळकं होतं आणि पातळ्यांचा नेहमीचा क्रम उलटतो. १९९० पासून या भागाला ‘आयलंड ऑफ इन्व्हर्जन’, म्हणजे उलटापालटीचं बेट, असं म्हणतात. निऑन-३१ या बेटाच्या आत येतो.

अडचण वेगळीच होती. शेवटचा न्यूट्रॉन काढून घ्यायला किती ऊर्जा लागते, म्हणजे त्याची विलगन ऊर्जा, हा रचनेतला सगळ्यात पायाचा आकडा. २००९ साली निऑन-३१साठी तो ०.२९ अधिक-उणे १.६४ एमईव्ही असा होता. अनिश्चितता मूळ आकड्याच्या पाचपट! निव्वळ या आकड्यावरून केंद्रक बांधलेलं आहे की नाही हेसुद्धा ठरत नव्हतं. ते बांधलेलं आहे असं म्हणता येत होतं, कारण ते प्रत्यक्ष दिसलं होतं.

आणि एरवीचे मार्गही बंद. काही मिलिसेकंद टिकणाऱ्या केंद्रकाचं टार्गेट बनवून त्यावर इलेक्ट्रॉन मारता येत नाहीत. मग उरतो तो उलटा मार्ग: निऑन-३१चाच झोत बनवायचा, तो साध्या स्थिर पदार्थावर आदळवायचा, आणि तो कसा मोडतो यावरून मोडण्याआधी कसा होता ते काढायचं.

एकच झोत, दोन टार्गेटं

हे काम ताकाशी नाकामुरा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने रिकेनच्या आरआयबीएफ या तेव्हा नव्या कोऱ्या सुविधेत केलं. कॅल्शियम-४८चा झोत दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) ३४५ एमईव्हीपर्यंत वेगवान करून बेरिलियमवर सोडला. कॅल्शियमचे तुकडे झाले, त्यांत क्वचित कुठे निऑन-३१ होता. बिगरिप्स या चुंबकांच्या लांबलचक मालिकेने नको असलेले तुकडे गाळले आणि उरलेल्या प्रत्येक केंद्रकाची ओळख पटवली: चुंबकातून किती वळला, ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागला, डिटेक्टरमध्ये किती ऊर्जा सोडली. या तीन मोजमापांतून भार आणि वस्तुमान दोन्ही निघतात. मग हे ओळख पटलेलं निऑन-३१ दर न्यूक्लिऑनमागे सुमारे २३० एमईव्ही ऊर्जेने दुसऱ्या टार्गेटवर आदळतं. तेव्हा त्याचा वेग प्रकाशाच्या साधारण साठ टक्के असतो.

टार्गेटच्या पुढे आणखी एक चुंबकीय वर्णपटमापक आहे, झिरो डिग्री नावाचा. त्याच्याकडे काम एकच: बाहेर आलेला तुकडा निऑन-३० आहे का ते पाहणं. निऑन-३१साठी वस्तुमान आणि भाराचं गुणोत्तर ३.१ येतं, निऑन-३०साठी ३.०. वेग जवळपास तोच राहत असल्याने चुंबकात दोघांच्या वाटा तीनेक टक्क्यांनी वेगळ्या होतात, आणि आधुनिक वर्णपटमापकाला तेवढं पुष्कळ झालं. सुटलेला न्यूट्रॉन या प्रयोगात पकडलाच नाही. निऑन-३१ आत गेले किती आणि निऑन-३० बाहेर आले किती, एवढंच मोजलं. हिशेबापुरतं प्रति चौरस सेंटीमीटर अडीच ग्रॅम जाडीचं कार्बन धरलं, तर शंभरातलं एखादंच निऑन-३१ न्यूट्रॉन गमावतं. झोतच इतका विरळ असताना हे प्रमाण मोजायचं, तर मोजणीत घाई चालत नाही.

टार्गेटं दोन होती, कार्बन आणि शिसं, आणि या प्रकरणाचा जीव तिथेच आहे. कार्बनवर न्यूट्रॉन सुटण्याचा क्रॉस सेक्शन, म्हणजे ती घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात, आला ७९ मिलिबार्न. शिशावर आला ७१२.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. फक्त अणुकेंद्रीय बलाने, म्हणजे अंगाला अंग घासून, न्यूट्रॉन सुटत असता तर शिशाचा आकडा कार्बनच्या १.७ ते २.६ पटच यायला हवा होता. शिशाचं केंद्रक मोठं आहे, पण घासायला मिळते ती कडच, त्यामुळे फरक फारसा वाढत नाही. प्रत्यक्षात तो नऊपट आला. हा जादाचा वाटा विजेचा. शिशात ८२ प्रोटॉन आहेत, कार्बनमध्ये ६. विद्युत परिणाम भाराच्या वर्गाने वाढतो, म्हणून शिशाकडे कार्बनच्या सुमारे १८७ पट जोर आहे. कार्बनचे ७९ योग्य पटीने वाढवून ७१२ मधून वजा केले की निव्वळ विद्युत विघटनाचा क्रॉस सेक्शन उरतो: ५४० मिलिबार्न, अधिक-उणे ७०. ताळाही पाहता येतो. १.७ पट धरली तर ५७८ उरतात, २.६ धरली तर ५०७. ही पट नेमकी किती घ्यावी हा पद्धतीतला खरा वादाचा मुद्दा आहे, पण टोकाचे दोन्ही आकडे घेतले तरी निष्कर्ष हलत नाही. मूळ परिणामच इतका दणदणीत आहे.

५४० मिलिबार्नमागे काय दडलंय

शिशाच्या शेजारून साठ टक्के प्रकाशवेगाने जाताना निऑन-३१ला क्षणभर विजेचा प्रचंड झटका बसतो. हा झटका म्हणजे फोटॉनांचा मारा आहे असं धरून त्याचा नीट हिशेब मांडता येतो. बारा फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे मीटरच्या अब्जांशाचा दशलक्षांश) अंतरावरून गेल्यास या फोटॉनांची ऊर्जा साधारण १२ एमईव्हीपर्यंत पोचते, आणि कमी ऊर्जेचे फोटॉन सर्वांत जास्त असतात. झटका बसतो तो भार असलेल्या गाभ्याला. न्यूट्रॉनला भार नाही, त्याला तो जाणवतच नाही. घाटातल्या वळणावर एसटीने हिसका दिला की पायरीवर लोंबकळणारा पहिला सुटतो, आत दाटीत बसलेल्याला काही होत नाही. तसंच इथेही सुटण्याची शक्यता न्यूट्रॉन गाभ्यापासून किती लांब लोंबकळतोय यावर ठरते. साध्या केंद्रकात विद्युत द्विध्रुवी प्रतिसाद, म्हणजे असा झटका शोषून घेण्याची क्षमता, १५-२० एमईव्हीच्या आसपास एकवटलेला असतो. तिथवर पोचायला पुरेसे फोटॉनच नसतात. ५४० मिलिबार्न मिळायचे, तर हा प्रतिसाद एक-दोन एमईव्हीच्या आतच मोठा असायला हवा. न्यूट्रॉनच्या तरंगफलनाची, म्हणजे तो कुठे सापडण्याची किती शक्यता आहे हे सांगणाऱ्या फलनाची, शेपटी लांबवर पसरलेली असेल तरच ते होतं. अशा केंद्रकाला हेलो केंद्रक म्हणतात. कार्बन-१९ हे तेव्हा ओळखीचं हेलो केंद्रक होतं, आणि निऑन-३१चा आकडा त्याच्या पंक्तीला जाऊन बसला.

शेपटी किती लांब, हे विलगन ऊर्जा सांगते. केंद्रकाच्या बाहेर तरंगफलन घातांकी वेगाने उतरतं, आणि उतरण्याचं अंतर विलगन ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. न्यूट्रॉन ८ एमईव्हीने बांधलेला असेल तर हे अंतर दीडेक फेम्टोमीटर येतं. ०.१५ एमईव्हीने बांधलेला असेल तर १२ फेम्टोमीटर. निऑन-३० एवढ्या गाभ्याची त्रिज्या साध्या सूत्राने पावणेचारच्या आत येते. तिच्या तिप्पट लांबवर न्यूट्रॉन सापडतो, आणि तिथे बलाची पकड उरलेलीच नसते.

पण सैल बांधणी एकटी पुरत नाही. न्यूट्रॉनला कोनीय संवेग असला की केंद्रोत्सारी अडथळा उभा राहतो आणि तो शेपटी आत दाबतो. सहा फेम्टोमीटरवर हा अडथळा मी काढून पाहिला. एफ कक्षेसाठी, म्हणजे कोनीय संवेग ३ असताना, तो ७ एमईव्हीच्या थोडा वर जातो. पी कक्षेसाठी (कोनीय संवेग १) तो १.२ एमईव्ही येतो आणि एस कक्षेसाठी (कोनीय संवेग ०) शून्य. सात एमईव्हीच्या भिंतीआड न्यूट्रॉन कितीही सैल असला तरी हेलो तयार होत नाही. एफ-७/२ धरून केलेला सैद्धांतिक क्रॉस सेक्शन ५४०च्या जवळपासही फिरकत नाही. पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे बाद झालं.

२००९चा निष्कर्ष इथवर येतो आणि थांबतो. एकविसावा न्यूट्रॉन एफमध्ये नाही. तो पी-३/२ मध्ये किंवा एस-१/२ मध्ये आहे. दोघांतला कुठला, हे त्या आकड्यावरून ठरत नव्हतं, कारण विलगन ऊर्जाच नीट माहीत नव्हती. थोडी जास्त विलगन ऊर्जा आणि एस कक्षा घ्या, किंवा थोडी कमी ऊर्जा आणि पी कक्षा घ्या, ५४० दोन्हींतून निघतात. सिद्धांतकारांचा कल पी-३/२ कडे होता. तरीही त्या निबंधाने दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. एका समीकरणात दोन अज्ञात असताना एकाची किंमत मनाने धरून दुसऱ्याची जाहीर करायची, हा मोह या क्षेत्रात कायम असतो.

दुसरं समीकरण

दुसरं समीकरण कार्बनच्या आकड्यातच दडलेलं होतं. फक्त आधी तो स्वच्छ करावा लागणार होता. गोम अशी: न्यूट्रॉन सुटल्यावर उरलेलं निऑन-३० दर वेळी आपल्या ग्राउंड स्टेटमध्येच असतं असं नाही. त्याची पहिली उत्तेजित अवस्था फक्त ०.७९ एमईव्हीवर आहे. निऑन-३१च्या ग्राउंड स्टेटचा काही भाग ‘उत्तेजित गाभा आणि एक न्यूट्रॉन’ असाही असतो, आणि त्या भागातला न्यूट्रॉन एफ कक्षेतही असू शकतो. कार्बनवर हे सगळे प्रकार एकत्र मोजले जातात. शिशावरच्या विद्युत विघटनात मात्र प्रामुख्याने लांब शेपटीचा, म्हणजे शांत गाभ्याचा भाग बोलतो. दोन टार्गेटांची तुलना करायची तर दोन्हीकडून ‘गाभा ग्राउंड स्टेटमध्ये’ एवढाच वाटा वेगळा काढायला हवा.

तो गॅमा किरणांवरून काढला. उत्तेजित निऑन-३० शांत होताना गॅमा सोडतं. टार्गेटभोवती सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांची डाली-२ ही रचना असते, ती हे गॅमा पकडते. गॅमा सोडणारं केंद्रक स्वतःच साठ टक्के प्रकाशवेगाने धावत असल्याने डॉप्लर परिणाम जबर असतो: सरळ पुढे निघालेला ०.७९ एमईव्हीचा गॅमा डिटेक्टरला जवळपास दुप्पट ऊर्जेचा दिसतो, मागे गेलेला जवळपास निम्म्या. प्रत्येक स्फटिकाचा कोन धरून ऊर्जा परत मूळ जागी आणली की वर्णपटातला उंचवटा दिसू लागतो. तेवढा वाटा एकूणातून वजा केला की ग्राउंड स्टेटचा वाटा उरतो.

आता पुढचं पाऊल, आणि मला या प्रकरणात सर्वांत देखणं वाटतं ते हेच. स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर नावाची एक संख्या असते. निऑन-३१ची ग्राउंड स्टेट म्हणजे ‘शांत निऑन-३० आणि अमुक कक्षेतला एक न्यूट्रॉन’ या चित्राशी किती जुळते, ते ती सांगते. कार्बनवरच्या मोजमापातून ही संख्या काढली तर ती विलगन ऊर्जेवर थोडीशीच अवलंबून असते, कारण घासून सुटणं हे केंद्रकाच्या कडेवरचं काम आहे. शिशावरच्या मोजमापातून काढली तर ती विलगन ऊर्जेवर प्रचंड अवलंबून असते, कारण तिथे सगळा खेळ शेपटीचा. आलेखावर आडवी विलगन ऊर्जा आणि उभा स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर घेतला, की कार्बनची रेघ जवळजवळ सपाट जाते आणि शिशाची तीव्र चढते. केंद्रक एकच असल्याने खरं उत्तर दोन्ही रेघांवर असलंच पाहिजे, म्हणजे त्या छेदतात तिथे. प्रत्येक कक्षेसाठी हा आलेख वेगळा काढायचा आणि कुठला छेदनबिंदू बाकी मोजमापांशी आणि कवच-प्रतिमानाशी जुळतो ते पाहायचं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर असं: स्पिन ३/२, पॅरिटी ऋण, म्हणजे पी-३/२. विलगन ऊर्जा ०.१५ एमईव्ही, वरच्या बाजूला ०.१६ आणि खालच्या बाजूला ०.१० अनिश्चिततेसह. स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर ०.३२. ज्या आकड्याची अनिश्चितता आधी १.६४ होती तो वस्तुमान न मोजता, केवळ मोडतोडीवरून, ०.१-०.२च्या आत आला.

यातल्या ०.३२ वरून नजर घाईने सरकू देऊ नये. ‘शांत गाभ्याभोवती पी कक्षेतला न्यूट्रॉन’ हे हेलोचं साधं चित्र ग्राउंड स्टेटचा सुमारे एक तृतीयांश भाग सांगतं. उरलेल्यात गाभा उत्तेजित आहे. लांबुळक्या केंद्रकाचं हे लक्षणच आहे. गोल केंद्रकात एफ-७/२ आणि पी-३/२ या स्वतंत्र पातळ्या असतात. केंद्रक ताणलं गेलं की त्या मिसळतात, कारण आता कोनीय संवेग एकट्या न्यूट्रॉनकडे बांधील राहत नाही, गाभाही त्यात भागीदार होतो. सिद्धांतकार इकुको हामामोटो यांनी २०१० मध्ये विरूपित, म्हणजे गोल नसलेल्या, विभवात हे गणित करून दाखवलं होतं की पी-तरंगाचा हेलो इथे सहज उद्भवू शकतो. एफ कक्षेतल्या न्यूट्रॉनला सात एमईव्हीची भिंत ओलांडता येत नव्हती. विरूपणाने त्याच्या तरंगफलनात पी चा अंश घातला आणि तेवढा अंश बाहेर पसरला. गोल आकार सोडणं आणि हेलो होणं या दोन गोष्टी इथे एकाच कारणाने घडतात. म्हणूनच २०१४च्या निबंधाने न्यूट्रॉन ड्रिप लाइनपाशी, म्हणजे बांधलेल्या केंद्रकांच्या शेवटच्या सीमेपाशी, आधी वाटत होते त्यापेक्षा जास्त हेलो सापडतील, असं म्हटलं.

मधल्या काळात दुसऱ्या बाजूंनीही पुरावे आले. २०१२ मध्ये रिकेनमध्येच निऑनच्या समस्थानिकांचे कार्बनवरचे आंतरक्रिया क्रॉस सेक्शन मोजले गेले, तिथे निऑन-३१पाशी आकडा वर उसळलेला दिसला. केंद्रक खरंच फुगलेलं आहे. त्याच वर्षी फ्रान्सच्या गॅनिलमधून आलेल्या थेट वस्तुमान-मोजणीने विलगन ऊर्जा -०.०६ अधिक-उणे ०.४१ एमईव्ही दिली. ती ०.१५शी जुळते, पण तिच्या एकटीच्या बळावर हेलो सिद्ध झाला नसता.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ०.१५ची अनिश्चितता शेपटीच्या भाषेत मांडली तर ती मोठी आहे. विलगन ऊर्जा ०.३१ असेल तर उतरण्याचं अंतर ८ फेम्टोमीटरच्या थोडं वर, ०.०५ असेल तर जवळपास २१. हेलो आहे हे पक्कं, पण तो किती पसरट आहे याला अजून अडीचपटीची मोकळीक आहे. शिवाय स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर थेट मोजता येत नाही. मोजलेला क्रॉस सेक्शन आणि प्रतिमानाने काढलेला क्रॉस सेक्शन यांच्या गुणोत्तरातून तो येतो. पुढची सुधारणा सुटलेला न्यूट्रॉनही पकडण्यात आहे. गाभा आणि न्यूट्रॉन दोघांचे संवेग मोजले की दोघांमधली सापेक्ष ऊर्जा मिळते, आणि मग एकाच बेरजेऐवजी पूर्ण वर्णपट हातात येतो. एस आणि पी कक्षांच्या वर्णपटांचा आकारच वेगळा असतो.

भारतात या विषयावर चांगलं काम झालं आहे. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या उषसी दत्त यांच्या गटाने जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या जीएसआय केंद्रात सोडियम-२९ आणि ३० यांचं विद्युत विघटन अभ्यासलं. उलटापालटीच्या बेटाच्या काठावरची ही केंद्रकं. तिथे गाभा, न्यूट्रॉन आणि गॅमा तिन्ही एकत्र मोजले गेले. आयआयटी रुरकीत शुभचिंतक आणि राजदीप चटर्जी यांनी निऑन-३१च्या विद्युत विघटनाचं गणित विरूपणासह मांडलं, आणि पुढे राधे श्याम यांच्यासह तीच पद्धत मॅग्नेशियम-३७ला लावली. मॅग्नेशियम-३७ ही निऑन-३१चीच पुढची आवृत्ती म्हणावी अशी: न्यूट्रॉन २५, कवचाच्या साध्या हिशेबाने शेवटचा न्यूट्रॉन पुन्हा एफ-७/२ मध्ये. २०१४ मध्येच शिसं-कार्बनची हीच जोडी वापरून रिकेनमध्ये त्याची विलगन ऊर्जा ०.२२ एमईव्ही काढली गेली, आणि तिथेही न्यूट्रॉन निघाला तो पी कक्षेत.